ली-एनफील्ड रायफल : उत्पादक व निर्मितीभेद

ली-एनफील्ड रायफल : ब्रिटिश साम्राज्य व पुढे राष्ट्रकुल यांच्या पायदळाचे १८९५ पासून १९५० च्या दशकापर्यंतचे प्रमुख शस्त्र. ०.३०३ इंच (सु. ७.७ मिमी.) व्यासाची, दहा काडतुसे मावणाऱ्या पेटीची आणि हाताने बोल्ट मागेपुढे करून चालवावयाची ही रायफल भारतात ‘थ्री नॉट थ्री’ या नावाने परिचित आहे. इंग्लंड, भारत, ऑस्ट्रेलिया, कॅनडा व अमेरिका या पाच देशांतील कारखान्यांनी ती मोठ्या संख्येने तयार केली. नमुना एकच, नावही एकच; परंतु दोन कारखान्यांत तयार झालेल्या दोन रायफली सर्वार्थाने एकसारख्या कधीच नव्हत्या. एका कारखान्याच्या रायफलीचा सुटा भाग दुसऱ्या कारखान्याच्या रायफलीत विनासायास बसावा, हे यंत्रयुगाचे मोठे आश्वासन होते. ते कागदावर लवकर उतरले. प्रत्यक्षात ते पुरे होण्यास जवळजवळ शंभर वर्षे आणि दोन महायुद्धे लागली, आणि तरीही या रायफलीच्या बाबतीत त्याला एक अपवाद शेवटपर्यंत राहिला. तो अपवाद म्हणजे बोल्ट होय.

बोल्टचे महत्त्व कळण्यासाठी रचना थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. जर्मनीच्या मौझर रायफलीत बोल्टला अडवून धरणारे उंचवटे (अडण्या) त्याच्या पुढच्या टोकाला, काडतुसाच्या अगदी जवळ असतात. स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या व अमेरिकेत कार्य केलेल्या जेम्स पॅरिस ली (१८३१–१९०४) याच्या रचनेत त्या बोल्टच्या मागील भागात आहेत. त्यामुळे बोल्टचा फेरा आखूड व जलद होतो आणि चिखलमाती सहन करण्याची शक्ती वाढते. मात्र गोळी सुटताना मागे येणारा धक्का बोल्टच्या बऱ्याच लांबीवर पसरतो. डावीकडील अडणी व उजवीकडील लांब कड या दोन्ही सांगाड्यातील आपापल्या खांद्यांवर सारख्याच टेकल्या पाहिजेत. एक टेकली व दुसरी अधांतरी राहिली, तर नेम बिघडतो. शिवाय बोल्टचे शिर आणि नळीची मागील कड यांतील अंतर काडतुसाच्या कडेच्या जाडीशी जुळावे लागते. हे ‘शीर्षांतर’ वाढले, तर पितळी काडतूस मागच्या बाजूने ताणले जाऊन तुटते व तप्त वायू नेमबाजाच्या चेहऱ्याच्या दिशेने येऊ शकतात. यासाठी कारखान्यात प्रत्येक बोल्ट त्याच्या सांगाड्यावर घासून बसवीत आणि रायफलीचा क्रमांक बोल्टच्या मुठीवर उमटवीत. क्रमांक न जुळणारा बोल्ट वापरू नये, असा दंडक होता. लक्षावधींच्या संख्येने यंत्रावर घडणाऱ्या वस्तूत हे एक काम अशा रीतीने कारागिराच्या हाताकडेच राहिले.

नमुना व मापके : यंत्रनिर्मित व विनिमेय भागांची बंदूक ही मूळची अमेरिकेतील कल्पना. लंडनच्या १८५१ च्या प्रदर्शनात रॉबिन्झ अँड लॉरेन्स या अमेरिकन कंपनीने अशा रायफली मांडल्या. ब्रिटिश सरकारने १८५४ मध्ये अमेरिकेला समिती पाठविली व त्या कंपनीकडून आणि मॅसॅचूसेट्समधील चिकोपी येथील एम्स कंपनीकडून यंत्रे मागविली. ती लंडनच्या उत्तरेस असलेल्या एनफील्ड येथील सरकारी कारखान्यात बसविण्यात आली आणि १८५० च्या दशकाच्या अखेरीस तेथे १८५३ च्या नमुन्याची बंदूक विनिमेय भागांसह तयार होऊ लागली. त्याच नमुन्याच्या बंदुका बर्मिंगहॅमचे कारागीर त्याच वेळी हाताने घडवीत होते. तेथे नळी एकाकडे, चाप दुसऱ्याकडे, दस्ता तिसऱ्याकडे आणि जोडणी चौथ्याकडे होई. या बंदुका सुबक असत; पण एकीचा खटका दुसरीत बसत नसे. यंत्रांच्या या स्पर्धेला तोंड देण्यासाठीच बर्मिंगहॅमच्या बंदूकवाल्यांनी १८६१ मध्ये एकत्र येऊन बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स (बीएसए) ही कंपनी काढली.

ब्रिटिश पद्धतीत अंतिम प्रमाण हे आराखड्याचे नव्हे, तर ‘मोहोरबंद नमुन्या’चे मानीत. मंजूर झालेले प्रत्यक्ष शस्त्र मोहोर लावून जपून ठेवीत आणि वाद पडल्यास त्याच्याशी तुलना करीत. एका गावात एकच कारखाना असेपर्यंत ही पद्धत उत्तम चालली. समुद्रापलीकडे दुसरा कारखाना उभा राहिला की तिची उणीव उघडी पडे. कारण कोणत्या भागाला किती अनुज्ञेय फरक ठेवावयाचा, हे बरेचसे मापके वापरणाऱ्या मुकादमाच्या अनुभवात असे आणि अनुभव पेटीत घालून पाठविता येत नाही.

ली-एनफील्डची पूर्वज ली-मेटफर्ड रायफल १८८८ मध्ये स्वीकारली गेली. तिच्या नळीत विल्यम मेटफर्ड याने योजलेल्या सात उथळ, गोलसर कडांच्या सर्पिल खाचा होत्या. कॉर्डाइट ही धूररहित दारू आल्यावर या खाचा लवकर झिजू लागल्या. म्हणून १८९५ मध्ये पाच चौकोनी खाचांची एनफील्ड नळी आली व रायफलीला आजचे नाव मिळाले. पायदळ व घोडदळ या दोहोंसाठी एकच आखूड रायफल असावी म्हणून १९०२ मध्ये नवा नमुना निघाला आणि १९०७ मध्ये त्याचा सुप्रसिद्ध मार्क तीन हा प्रकार मंजूर झाला. तो एनफील्ड, बीएसए व लंडन स्मॉल आर्म्स या तिघांनी तयार केला. शांततेच्या काळातील या रायफलींची घडण पाहण्याजोगी आहे : अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, तकतकीत निळसर पोलाद, कोठेही न दिसणारी हत्याराची खूण. तिघांतील भेद त्या वेळी जाणकारालाच ओळखू येत असे.

पहिले महायुद्ध : हा समतोल १९१४ मध्ये ढळला. बीएसएने एकटीने युद्धकाळात सु. १५ लाख रायफली पुरविल्या, तरी त्या अपुऱ्या पडल्या. १९१६ च्या आरंभी मार्क तीन तारांकित हा सुलभ प्रकार मंजूर झाला. त्यात लांब पल्ल्याच्या सामुदायिक माऱ्यासाठी असलेली बाजूची दृष्टी आणि मागील दृष्टीचा आडवा स्क्रू यांना फाटा देण्यात आला, तर पेटी बंद ठेवणारी पट्टी ऐच्छिक झाली. लहानलहान कारखान्यांकडून सुटे भाग घेऊन ते अन्यत्र जोडण्याची योजनाही निघाली. बर्मिंगहॅमच्या जुन्या कारागिरांची पद्धतच एका अर्थाने परत आली; फरक इतकाच, की आता प्रत्येक भाग मापकातून जाणे सक्तीचे होते.

उत्पादकांतील सूक्ष्म भेद रणांगणावर किती महाग पडतात, याचे उदाहरण ली-एनफील्डच्या नव्हे, तर तिच्या शेजारणीच्या इतिहासात सापडते. कॅनडाने सर चार्ल्स रॉस याची सरळ ओढीच्या बोल्टची, तेच ०.३०३ इंची काडतूस वापरणारी रायफल स्वीकारली होती. क्वीबेकच्या कारखान्यात तयार होणाऱ्या या रायफलीची काडतूस-कोठी कॅनडातील काटेकोर काडतुसांना जुळेल अशी अरुंद ठेवलेली होती. ब्रिटनमध्ये घाईने तयार झालेली काडतुसे बुडाशी किंचित जाड असत. एप्रिल १९१५ मध्ये ईप्रच्या दुसऱ्या लढाईत, विषारी वायूच्या पहिल्या मोठ्या हल्ल्यात, कॅनडाच्या सैनिकांच्या रायफली तापून अडकू लागल्या. बोल्ट उघडण्यासाठी त्यांना बुटाच्या टाचेने लाथा माराव्या लागल्या. या लढाईतून वाचलेल्यांपैकी हजाराहून अधिक सैनिकांनी आपल्या रायफली टाकून मृत ब्रिटिश सैनिकांच्या ली-एनफील्ड उचलल्या. रॉसची नेमबाजी अचूक होती, यात शंका नाही. आखाड्यावरील स्पर्धा तिने जिंकल्या होत्या. परंतु इतरांच्या चुका सामावून घेण्याची जागा तिच्यात ठेवलेली नव्हती. ली-एनफील्डच्या सैल कोठीला पूर्वी जो दोष मानीत, तोच येथे गुण ठरला. १९१६ मध्ये कॅनडाच्या पायदळाला ली-एनफील्ड देण्यात आली.

याच काळात ब्रिटनने अमेरिकेतील विंचेस्टर, रेमिंग्टन व रेमिंग्टनच्या अधिपत्याखालील एडिस्टोन या तीन कारखान्यांना १९१४ च्या नमुन्याची, मौझर पद्धतीच्या बोल्टची रायफल करावयास दिली. तिघांना एकच रायफल करावयाची होती. १९१६ मध्ये ब्रिटिश सैन्याने ती स्वीकारताना मात्र डब्ल्यू, आर व ई अशी तीन वेगळी नावे दिली. कारण एकाचे भाग दुसऱ्याच्या रायफलीत बसतील याची खात्री नव्हती. विनिमेय भागांची कल्पना ज्या देशात जन्मली, त्याच देशात हे घडले. अमेरिका १९१७ मध्ये युद्धात उतरली, तेव्हा तिने हीच रायफल आपल्या ०.३० इंची काडतुसासाठी बदलून घेतली. त्या वेळी तेथील युद्धसाहित्य खात्यापुढे कठीण निवड होती : कारखाने तात्काळ सुरू करावेत, की आराखडे व मापके एक होईपर्यंत आठवडेच्या आठवडे थांबावे? खात्याने बहुतांशी थांबणे पसंत केले. विंचेस्टरने प्रमाणित आराखडे पक्के होण्यापूर्वीच उत्पादन सुरू केले आणि तिच्या आरंभीच्या रायफलींचे भाग इतरांशी जुळेनात. पुढे बहुतेक भाग विनिमेय झाले आणि तिन्ही कारखान्यांनी मिळून वीस लाखांहून अधिक रायफली दिल्या; त्यांपैकी निम्म्याहून जास्त एडिस्टोनच्या होत्या. थांबण्याचा निर्णय त्या वेळी टीकेचा विषय झाला. परंतु आघाडीवर दुरुस्ती करणाऱ्या शस्त्रागार-कारागिराच्या दृष्टीने तो रास्त होता, असेच म्हणावे लागते.

लिथगो : ऑस्ट्रेलियाने न्यू साउथ वेल्समधील लिथगो येथे १९१२ मध्ये रायफल कारखाना उघडला. यंत्रसामग्री इंग्लंडमधून न घेता अमेरिकेतील प्रॅट अँड व्हिटनी या कंपनीकडून घेण्यात आली. पोलादापेक्षा लाकडाच्या बाबतीत लिथगोची रायफल अधिक वेगळी ठरली. अक्रोड आयात करावे लागे. म्हणून क्वीन्सलँड मेपल व पुढे कोचवुड ही स्थानिक लाकडे वापरात आली. कोचवुड हलके व सरळ रेषांचे, पण मऊ. सांगाड्याचा धक्का ज्या ठिकाणी दस्त्याच्या लाकडावर येतो तेथे ते दबे आणि रायफलीचा नेम ढळू लागे. यावर तेथे तांब्याचे लहान पत्रे बसविण्याचा उपाय निघाला. हे पत्रे ही लिथगोच्या रायफलीची खूणच झाली. दुसऱ्या महायुद्धात दस्त्यांचे काम टेनिसच्या रॅकेटींसाठी प्रसिद्ध असलेल्या स्लॅझेंजर कंपनीकडेही गेले होते. तसेच ऑरेंज व बॅथर्स्ट या जवळच्या गावांत पूरक कारखाने निघाले व त्यांची आद्याक्षरे रायफलींवर उमटली.

ईशापूर : कलकत्त्याच्या उत्तरेस हुगळी नदीकाठी ईशापूर येथे अठराव्या शतकाच्या अखेरीपासून बंदुकीच्या दारूचा कारखाना होता. त्या परिसरात १९०४ मध्ये रायफल कारखाना स्थापन झाला व काही वर्षांतच मार्क तीन रायफली तयार होऊ लागल्या. काडतुसांसाठी डमडम व पुण्याजवळील खडकी (१८६९) येथील कारखाने होते. ईशापूरच्या रायफलींवर राजाच्या आद्याक्षरांत ‘सम्राट’ या अर्थाचे अक्षर जोडलेले आढळते. हिंदुस्थानचा सम्राट ही त्याची पदवी इंग्लंडमधील रायफलींवर येत नसे. प्रजासत्ताकानंतर ती मुद्रा जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आले.

भारतीय हवामानाने या रायफलीची वेगळीच परीक्षा घेतली. कोरडा उन्हाळा आणि दमट पावसाळा यांच्या आवर्तनात दस्त्याचे लाकूड आकसते, फुगते व शेवटी चिरते. ईशापुरात दस्त्याच्या पुढील लांब भागात एक आडवा स्क्रू बसवून त्यास बांधून टाकण्यात येई. जुन्या इंग्रजी रायफली दुरुस्तीस आल्या, की त्यांतही तो स्क्रू घालीत. आज जगभरच्या संग्राहकांत तो ‘ईशापूर स्क्रू’ म्हणूनच ओळखला जातो आणि एखादी बर्मिंगहॅमची रायफल भारतात राहून आली आहे, हे त्यावरून कळते. पोलिसांसाठी व पहाऱ्यासाठी काही रायफली एका वेळी एकच काडतूस घेणाऱ्या ०.४१० इंची गुळगुळीत नळीच्या करण्यात आल्या, त्याही येथेच. ईशापूरचे काम काहीसे ओबडधोबड, असा एक समज संग्राहकांत रूढ आहे. युद्धकाळातील बाह्य सफाईपुरता तो खरा मानता येईल. परंतु त्याच वर्षांतील इंग्लंडच्या रायफली शेजारी ठेवल्या, तर हा दोष एकट्या ईशापूरचा नव्हता हे दिसते.

खरा ओबडधोबडपणा पाहावयाचा, तर वायव्य सरहद्दीवरील दर्रा आदमखेलकडे वळावे लागते. तेथील कारागिरांनी हातभात्यावर व साध्या हत्यारांनी ली-एनफील्डच्या प्रतिकृती केल्या. मुकुट, कारखान्याचे नाव, वर्ष हे सर्व त्यांनी हुबेहूब उतरविण्याचा प्रयत्न केला. कधी एखादे अक्षर उलटे, तर कधी स्पेलिंग चुकलेले. बाह्यरूप साधले, पण पोलादाची प्रत व उष्णतासंस्कार यांची नक्कल डोळ्यांनी पाहून करता येत नाही. अशा रायफलीत पूर्ण दाबाचे काडतूस उडविणे धोक्याचे असते.

दुसरे महायुद्ध व क्रमांक चार : जुन्या रायफलीचे यंत्रकाम वेळखाऊ होते. जड नळीची व सोप्या घडणीची क्रमांक चार ही रायफल १९३९ मध्ये अधिकृतपणे स्वीकारली गेली. ती लिव्हरपूलजवळील फॅझकर्ली, यॉर्कशरमधील मॉल्टबी व बर्मिंगहॅमजवळील शर्ली येथील बीएसए या कारखान्यांत होणार होती. १९ नोव्हेंबर १९४० च्या रात्री बीएसएच्या स्मॉल हीथ येथील जुन्या कारखान्यावर बाँब पडले व ५३ कामगार ठार झाले. त्यानंतर काम अनेक ठिकाणी विखुरले गेले. शत्रूला पत्ता लागू नये म्हणून कारखान्याच्या नावाऐवजी विभागाचे अक्षर व एक अंक असे सांकेतिक चिन्ह उमटविण्यात येई. एकेकाळी अभिमानाने कोरलेले उत्पादकाचे नाव असे लपविण्याची गोष्ट झाली.

समुद्रापलीकडे टोरांटोजवळ लाँग ब्रँच येथे कॅनडाच्या सरकारी कंपनीने सु. नऊ लाख, तर अमेरिकेतील सॅव्हेज कंपनीने दहा लाखांहून अधिक रायफली केल्या. सॅव्हेजचा हा कारखाना चिकोपी फॉल्सचा, म्हणजे ज्या चिकोपीहून एनफील्डने नव्वद वर्षांपूर्वी यंत्रे आणली होती त्याच परिसरातील. सॅव्हेजच्या रायफलींवर ‘अमेरिकेची मालमत्ता’ असा छाप आढळतो. उसनवार-भाडेपट्टा कायद्याखाली त्या ब्रिटनला दिल्या होत्या. या दोन्ही कारखान्यांनी वेळ वाचविण्यासाठी नळीत पाचाऐवजी दोनच खाचा पाडल्या. चाचण्यांत नेमबाजीत लक्षणीय फरक आढळला नाही, हे त्या वेळी अनेकांना अनपेक्षित होते. बोल्टचे शिर सोडविण्यासाठी असलेली स्प्रिंगची कळ काढून तेथे नुसती खाच ठेवण्याचा बदल मात्र तितका यशस्वी झाला नाही. ती खाच कालांतराने झिजून वा तुटून शिर निसटू लागे.

बोल्टच्या जुन्या प्रश्नावर क्रमांक चारमध्ये व्यवहार्य तोड निघाली. वेगळे काढता येणारे शिर ० ते ३ अशा क्रमाने वाढत्या चार लांबींत उपलब्ध करण्यात आले. शीर्षांतर वाढले, की कारागिराने मोठ्या क्रमांकाचे शिर लावावे. मूळ बोल्ट व सांगाडा यांची जोडी मात्र कायम राहिली. काटेकोरपणा सगळीकडे साधत नाही हे मान्य करून फरकाचीच मोजदाद करण्याचा हा मार्ग होता. चापाच्या बाबतीतही असेच घडले. आरंभी चाप खालच्या धातूच्या पट्टीवर टांगलेला असे व ती पट्टी लाकडाला जोडलेली असे. युद्धकाळात अक्रोडाऐवजी बीच व भूर्ज ही लाकडे आली आणि लाकूड ओलाव्याने हलले की चापाचा दाब बदलू लागला. १९४९ च्या प्रकारात चाप थेट सांगाड्यावर टांगण्यात आला.

स्वातंत्र्योत्तर काळ : १९४७ मध्ये अविभाजित हिंदुस्थानातील सोळाही युद्धसाहित्य कारखाने भारताच्या हद्दीत राहिले. पाकिस्तानने वाह येथे नवे कारखाने उभारले व फॅझकर्लीची यंत्रसामग्री घेऊन क्रमांक चार रायफल केली. ईशापूरने मात्र क्रमांक चारकडे न वळता जुना मार्क तीनच पुढे चालविला. परिणामी एकाच घराण्याच्या दोन भिन्न शाखा सरहद्दीच्या दोन बाजूंस उभ्या राहिल्या आणि एकीचा बोल्ट दुसरीत बसणे शक्य नव्हते.

चीनबरोबरच्या १९६२ च्या युद्धात भारतीय जवानांच्या हाती प्रामुख्याने ०.३०३ रायफलच होती. त्यानंतर ईशापूरने ७.६२ मिमी.चे नवे काडतूस घेणारी २ ए आणि पुढे २ ए १ ही बोल्ट रायफल केली. नवे काडतूस अधिक दाबाचे व कडारहित असल्याने सांगाडा व बोल्ट यांसाठी अधिक मजबूत पोलाद घेण्यात आले, काडतूस बाहेर खेचणारा आकडा बदलला व पेटीला चौकोनी आकार आला. २ ए १ मध्ये मागील दृष्टीवरील २,००० ची जुनी मर्यादा ८०० मी. इतकी वास्तव करण्यात आली. या रायफली म्हणजे जुन्या ०.३०३ ची नळी बदलून केलेले रूपांतर होय, हा परदेशी लिखाणात पूर्वी वारंवार येणारा उल्लेख चुकीचा आहे. त्या नव्याने घडविलेल्या होत्या. गैरसमज निरुपद्रवी नाही, कारण त्यावर विसंबून जुन्या मार्क तीनमध्ये नवी नळी बसविणे सुरक्षित मानले जाऊ शकते.

सैन्यातून निवृत्त झाल्यावर या रायफली राज्यांच्या पोलीस दलांकडे दीर्घकाळ राहिल्या. तेथे दुरुस्तीगणिक त्यांचे मूळ स्वरूप मिसळत गेले : सांगाडा एनफील्डचा, नळी ईशापूरची, दस्ता तिसऱ्याच ठिकाणचा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर २६ नोव्हेंबर २००८ रोजी स्वयंचलित शस्त्रे घेतलेल्या हल्लेखोरांपुढे पोलिसांच्या हाती जुन्या बोल्ट रायफली होत्या, ही बाब नंतर बरीच चर्चिली गेली. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० मध्ये ०.३०३ रायफलीला निरोप दिला. ईशापूरचा कारखाना २०२१ मध्ये युद्धसाहित्य मंडळाच्या विसर्जनानंतर कानपूर येथे मुख्यालय असलेल्या ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या सरकारी कंपनीकडे गेला.